बंदूक ठाण्यात, कागद पेटीत

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी रात्री जेवण झाल्यावर वाचावी.

मागच्या महिन्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात धानाच्या नुकसानीची बातमी करायला गेलो होतो. रानडुकरांनी बांधीच्या बांधी लोळवलेली होती. पंचनामा झाला, फोटो झाले, चहा झाला. निघताना घरच्या म्हाताऱ्याने आतून पत्र्याची पेटी आणली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक जीर्ण पुस्तिका काढली. त्याच्या वडिलांचा बंदुकीचा परवाना. भरमार बंदूक, कारण पीक संरक्षण. पानापानावर नूतनीकरणाचे शिक्के, सह्या, पुसट तारखा.

मी विचारलं, बंदूक कुठाय?

"ठाण्यात. बाप मेला तवा जमा केली. आपल्या नावानं कराले अर्ज टाकला होता. मंग कितीक चकरा मारल्या. झालं नाही."

"तुम्हाला चालवता येत होती?"

"येत होती ना जी. बापानं शिकवलं. दारू किती भराची, ठासाची कशी. रस्त्यानं चालताना तोंड वरतं ठेवाचं. डुक्कर जखमी झाला त रातच्याले मांगं नाही जाचं."

"आणि परवाना देताना साहेबानं विचारलं का कधी, की बाबा तुला चालवता येते का?"

म्हातारा हसला. "त्यायनं जमीन किती हाये ते इचारलं."

हे वाक्य घेऊन मी चंद्रपूरला परतलो आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. आपल्या या दोन जिल्ह्यांत बंदूक आणि जंगल यांच्यामध्ये दीडशे वर्षांपासून एक कागद उभा आहे. कधी त्याला लायसन म्हणाले, कधी परमिट, कधी परवाना, आता प्रमाणपत्र. हा कागद तू कोण, तुझी जमीन किती, तुझा साहेब कोण, हे सगळं विचारत आला. तुला शस्त्र सांभाळता येतं का, हे मात्र त्याने फार उशिरा विचारलं. तेवढाच इतिहास आज सांगायचा आहे.

१८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्याआधी गोंड राजे, मग मराठे. जंगलात पारध चालायची ती धनुष्यबाणाने, वाघुरीने, फाशांनी, कुत्र्यांनी. पेरणीआधी गावच्या गाव पारधीला निघायचं. त्याला नियम नव्हते असं नाही. कुणी कुठे उभं राहायचं, पहिला बाण कुणाचा, वाटा कुणाला किती, हे ठरलेलं असायचं आणि पोरं ते मोठ्यांच्या मागे फिरून शिकायची. फक्त ते कागदावर नव्हतं.

१८५८ साली मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्यात फाशी दिली. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. सत्तावन-अठ्ठावनच्या त्या उठावांनंतर इंग्रज सरकारला बंदूकवाला माणूस दिसला की झोप येईना, हे मात्र आपण फारसं बोलत नाही. देशभर शस्त्रं काढून घेण्याचे कायदे झाले आणि शेवटी १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीसोबत तलवार, भाला आणि धनुष्यबाणसुद्धा होतं. आता भामरागडच्या प्रत्येक माडियाचं धनुष्य काढून घेणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, ते वेगळं.

गंमत अशी की त्याच १८७८ साली भारतीय वन कायदाही आला. म्हणजे एकाच वर्षी हातातलं हत्यारही परवान्याखाली गेलं आणि पायाखालचं जंगलही. राखीव जंगलात शिकार करणं, फासे लावणं, पाण्यात विष कालवून मासे मारणं, सगळं नियमांखाली आलं. १९२७ चा वन कायदा आजही लागू आहे, त्याच्या २६ व्या कलमात हेच वाचायला मिळेल. आलापल्लीच्या सागवानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला आता ससा मारायला दोन कागद हवेत. एक बंदुकीचा, एक जंगलाचा.

आणि साहेबाला? शस्त्र कायद्याच्या नियमांतून युरोपियन लोकांना पुष्कळ वर्षं सूट होती. त्यांना बंदूक ठेवायला देशी माणसासारखा परवाना लागत नव्हता. ही सवलत पहिल्या महायुद्धानंतर गेली. कागद सगळ्यांना सारखा कधीच नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढे परत येणार आहे.

आता शिकारीच्या ब्लॉकांकडे येऊ. जुन्या मध्य प्रांतात (चांदा जिल्हा त्यात होता) राखीव जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. वन अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, फी भरायची, परमिट घ्यायचं. परमिटवर ब्लॉक कोणता, मुदत किती, कोणतं जनावर किती मारायचं, हे लिहिलेलं. ब्लॉक एका वेळी एकाला, म्हणजे दोन टोळ्या एकमेकींवर गोळ्या झाडणार नाहीत. सुरक्षेचा विचार म्हणायचा तर एवढाच. नाकेदाराने अडवलं की परमिट दाखवायचं. मोहफुलं वेचणाऱ्या बाईलाही नाकेदार अडवायचा. तिच्याकडे दाखवायला काही नसायचं.

परमिट साहेबाच्या खिशात, पण वाघ कुठे बसला आहे ते कुणाला माहीत? गावच्या शिकाऱ्याला. मचाण कुठे बांधायचं, बोदा कुठे बांधायचा, वारा कुठून आहे, हाक्याच्या रांगा कशा लावायच्या, ‘थांबा’ म्हणणाऱ्या झाडावरच्या माणसांनी केव्हा खोकायचं म्हणजे वाघ बरोबर मचाणाकडे वळतो, हे सगळं त्याचं ज्ञान. साहेब फक्त घोडा ओढणार. नेम चुकला, वाघ जखमी होऊन झुडपात घुसला, तर त्याच्या रक्ताचा माग काढत पहिला कोण जाणार? तोच, काही आण्यांवर आलेला. हाक्यातली माणसं तर काठ्या आणि डबे घेऊन चालायची. जखमी वाघाने हाकेकऱ्याला फाडल्याच्या हकिकती त्या काळच्या शिकारी पुस्तकांत जागोजागी आहेत, आणि बहुतेक वेळा त्या माणसाचं नावसुद्धा दिलेलं नसतं.

साहेब शिकायचे कुठे? पुस्तकातून आणि एकमेकांकडून. मध्य प्रांतात वनखात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर पुस्तक लिहिलं. १८७१ मध्ये त्याचं सातपुड्याच्या जंगलांवरचं पुस्तक आलं, ते अजून छापलं जातं. पुढे डनबार ब्रँडर या वन अधिकाऱ्याने १९२३ मध्ये मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवर लिहिलं. चांगली पुस्तकं आहेत, मी नाकारत नाही. जखमी जनावर सोडून जाऊ नये, दिसल्याशिवाय गोळी घालू नये, मादी आणि पिल्लू सोडावं, हा त्या लोकांचा धर्म होता आणि त्यातले काही तो पाळायचेही. पण त्याची परीक्षा परमिट देण्याआधी कुणी घेत नव्हतं. परीक्षा वाघच घ्यायचा.

मग हळूहळू जनावरं कमी झाल्याचं सरकारच्या लक्षात आलं. १८८७ मध्ये पक्ष्यांसाठी कायदा, १९१२ मध्ये पक्षी आणि प्राणी दोघांसाठी, १९३५ मध्ये मध्य प्रांताचा स्वतःचा शिकार कायदा. त्याच १९३५ साली आपल्या ताडोब्यात कायदेशीर शिकार पूर्ण बंद झाली. तारू देवाच्या नावाने ओळखलं जाणारं ते तळं, आजही पौषात तिथे आदिवासी बांधव जातात. वाघाशी झुंजून मेलेला तारू हा त्यांचा देव आहे. १९५५ मध्ये ११६.५४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, महाराष्ट्र जन्माला यायचा होता.

ताडोबा सुटला म्हणून बाकीचं जंगल सुटलं नाही. स्वातंत्र्यानंतर शिकारीचा धंदा उलट वाढला. नागपूरला ॲलविन कूपर नावाची कंपनी होती, परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार करवून आणायची. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल त्या कंपनीचे. तेव्हा हे कायदेशीर होतं, आणि प्रतिष्ठेचंही. डॉलर यायचे, ब्लॉक बुक व्हायचे, हाकेकरी आपल्याच गावचे. जुन्या माणसांना विचारा, अमेरिकन साहेबाने दिलेल्या रिकाम्या काडतुसाच्या पुंगळ्या अजून कुणाकुणाच्या घरी आहेत.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशात बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा. आता हे फार कमी लोकांना माहीत आहे की १९७२ च्या मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. त्यात चार प्रकारचे परवाने होते: खास शिकारीचा, मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, आणि जनावरं जिवंत पकडण्याचा. परवानेवाल्याने काय मारलं, काय पकडलं याची नोंद ठेवायची. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने गेले. तेव्हापासून शिकारीचा परवाना ही गोष्ट आपल्याकडे नाही. उरलं ते ११ वं कलम. माणसाच्या जिवाला धोका झालेलं जनावर, पिकाचा नाश करणारं जनावर, यांच्यापुरती लेखी परवानगी. स्वतःचा जीव वाचवताना सद्हेतूने मारलं तर गुन्हा नाही, हेही त्यातच आहे.

याच कायद्यातलं ३४ वं कलम ताडोब्याच्या भोवतीच्या गावांनी वाचायला हवं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने आपलं नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवायचं, आणि त्या दहा किलोमीटरात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या सहमतीशिवाय नवा परवाना द्यायचा नाही. म्हणजे जिथे डुक्कर जास्त, तिथे बंदूक कमी. कायद्याचा हेतू मला समजतो. चोरटी शिकार थांबली पाहिजे. पण भद्रावती-चिमूरकडच्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगितलेलं मी तरी पाहिलं नाही.

गडचिरोलीत तर कागदाचा प्रश्न वेगळाच झाला. २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला नक्षल चळवळ पाय रोवत होती. भरमार बंदूक, जी पिढ्यान्‌पिढ्या पीक राखायला आणि पारधीला वापरली जायची, ती आता पोलिसांच्या यादीतलं हत्यार झाली. चकमकीच्या बातमीत ‘घटनास्थळावरून एक भरमार बंदूक जप्त’ हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. पण त्यातल्या काही बंदुका नक्षल्यांच्या आणि काही आजोबांच्या, हे वेगळं करणारा कागद गावात नव्हता. आता गावकरी आपणहून भरमार पोलिसांकडे जमा करतात, पोलीस सत्कार करतात, फोटो येतो. त्या फोटोतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे कधी नीट पाहा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे हक्क परत दिले. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. बांबू, तेंदू, मोह, मासे, सगळं मान्य झालं. पण पारंपरिक हक्कांच्या यादीतून एक हक्क कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला: शिकारीचा. ते बरोबर की चूक यावर भांडायला ही पोस्ट नाही. मला वाटतं, आजच्या घडीला बरोबरच. पण ज्याचा हक्क गेला त्याचं जनावरांबद्दलचं शिक्षणही त्याच्यासोबत चाललं आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

आता मूळ मुद्दा. शिकवणं.

अमेरिकेत शिकार आजही कायदेशीर आहे. तिथे न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये पोरांना शिकारीआधी प्रशिक्षण सक्तीचं केलं. कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पास झाल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि शिकारीला जाताना त्याचा पुरावा जवळ ठेवावा लागतो. बंदुकीचं तोंड कुठे, लक्ष्याच्या पाठीमागे काय आहे, कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची, असलं शिकवतात. आपल्या म्हाताऱ्याच्या बापाने बांधावर शिकवलं तेच. जर्मनीत तर शिकाऱ्याची परीक्षा इतकी अवघड की लोक तिला बारावीच्या परीक्षेशी जोडून थट्टा करतात.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात काय होतं? पोलीस अहवाल. चारित्र्य. कारण. पीक संरक्षणासाठी भरमार बंदूक हवी असेल तर परवाना द्यावा, असंही त्यात आहे. आणि १९ व्या कलमाने पोलिसाला अधिकार दिला की शस्त्र घेऊन चाललेल्या माणसाला परवाना मागायचा. दाखवला नाही तर नाव-पत्ता विचारायचा, शस्त्र जप्त करता येतं. कागद जवळ ठेवण्याची सक्ती पहिल्यापासून. शिकण्याची सक्ती नाही.

ती आली २०१६ च्या शस्त्र नियमांत. आता परवान्याला अर्ज करणाऱ्याने शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यायचं: शस्त्र हाताळायचं कसं, न्यायचं कसं, गोळी चालवायची कशी, घरात ठेवायचं कसं. त्याचं प्रमाणपत्र नमुना एस-१ मध्ये. आणि हे फक्त शहरातल्या पिस्तूलवाल्याला नाही, पीक राखायला बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्यालाही. नियम चांगला आहे, मनापासून सांगतो. पण कोरची, एटापल्ली, भामरागडच्या शेतकऱ्याने काय करायचं? भामरागडहून गडचिरोलीला यायचं तर दीडशे किलोमीटरच्या पुढे. अर्ज, अहवाल, प्रशिक्षण, पुन्हा अर्ज. तोपर्यंत धान घरात येतं किंवा डुकराच्या पोटात जातं. निवडणूक लागली की ज्याच्याकडे आहे त्यालाही बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. डुकराला आचारसंहिता नाही.

कागदाच्या किमतीची सगळ्यात मोठी चर्चा आपल्या शेजारी, यवतमाळ जिल्ह्यात झाली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ टी-१ वाघीण, जिला सगळे अवनी म्हणतात, मारली गेली. त्या भागात तेरा माणसं गेली होती, गावं दोन वर्षं दहशतीत होती, हे विसरू नका. कामगिरी हैदराबादच्या एका नामांकित नेमबाजाला दिलेली होती, गोळी चालवली त्याच्या मुलाने. वाघीण वाहनावर चालून आली, जीव वाचवायला गोळी घालावी लागली, असं त्यांचं म्हणणं. पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने अहवालात शस्त्र कायद्याच्या उल्लंघनावर बोट ठेवलं. गोळी चालवणाऱ्याला त्याचा अधिकार होता का, बेशुद्धीचं इंजेक्शन कुणी भरलं, पशुवैद्यक जवळ होता का, हे सगळं तपासलं गेलं. सारा देश वाघिणीसाठी रडत होता आणि मी तो अहवालाचा भाग वाचत विचार करत होतो की हा प्रश्न ब्लॉकच्या काळात एका हाकेकऱ्याच्या मरणानंतर कुणी विचारला असता तर. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, वडसा परिसरात तेरा जणांचा जीव घेणाऱ्या सीटी-१ वाघाला आपल्या वन विभागाने बेशुद्ध करून पकडलं. प्रशिक्षित पथक असलं की काय होतं, ते दिसलं.

डुकरांचंही असंच. २०१६ च्या जूनमध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्र्यांवर टीका केली, त्यात चंद्रपूरचं नाव घेतलं. इथे ५३ रानडुकरं मारली म्हणून. दिल्लीत मोठी बातमी झाली. इथे लोक म्हणाले, फक्त ५३?

लेखी परवानगी मिळते, पण मारणार कोण? ज्याच्याकडे परवानगी आहे त्याच्याकडे बंदूक नाही. बंदूक आहे त्याला नेम नाही. केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार दिले आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांना बोलावण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे काय होतं? रात्री बांधावर जिवंत तार सोडतात. तारेला नेम लागत नाही, परवाना लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही. तिच्यात डुक्कर मरतो, कधी वाघ मरतो, आणि कधी पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारी मरतो. २०१७ मध्ये ब्रह्मपुरीहून पकडून बोरला सोडलेली वाघीण, जिला गोळी घालण्याचे आदेश निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, ती शेवटी वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या तारेला चिकटूनच मेली. एवढे सगळे कागद बाजूला राहिले.

तार लावणारा शेतकरी गुन्हेगार आहे, मी त्याची बाजू घेत नाही. अशा दोन अंत्यविधींना मी गेलोय. पण त्याला जागलीवर बसून बंदूक सुरक्षित वापरायला शिकवणारी व्यवस्था तालुक्याला एक तरी असती, वर्षातून दोनदा शिबिर असतं, एस-१ प्रमाणपत्र तिथेच हातात मिळालं असतं, तर तार किती शेतांतून निघाली असती, हे कुणी करून पाहिलेलं नाही. वन विभाग, पोलीस आणि महसूल, तिघांचे अधिकारी हे वाचतात हे मला माहीत आहे. खाली लिहा. चुकत असेन तर सांगा.

म्हाताऱ्याला परत फोन केला होता. पुस्तिकेचा फोटो पोस्टमध्ये टाकू का म्हणून. नको म्हणाला. "नाव दिसंन. मंग कोनी येऊन इचारंन, बंदूक कोठी हाये?" म्हणून फोटो नाही.

पण अजून कुणाच्या घरी जुनं शिकारी परमिट, ब्लॉकची पावती, भरमारच्या परवान्याची पुस्तिका असेल, तर नाव झाकून मला इनबॉक्समध्ये पाठवा. विशेषतः १९७२ च्या आधीची. सावली, मूल, नागभीड, अहेरी, धानोरा, कुठलीही चालेल. जमवतोय.